दगडावर दगड

क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर सगळं काही चुनखडीच्या पांढऱ्या दगडाचं आहे. डोंगर त्याचेच, घरं त्याचीच, चर्चही त्याचीच. बोटी बांधायचे धक्के त्याचे आणि गल्ल्यांमधल्या फरश्याही त्याच्याच. शेकडो वर्षं पावलं घासून घासून या फरश्या इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की कडक उन्हातही त्या नुकत्याच धुतल्यासारख्या चमकतात. सकाळी हा दगड दुधी दिसतो. सूर्य माथ्यावर आला की त्याच्याकडे बघवत नाही. उन्हं उतरली की त्यात कुठून तरी मधाचा रंग येतो, आणि तो रंग दिवे लागल्यावरही काही वेळ टिकून राहतो.

या किनाऱ्यावर आईला घेऊन जायचं होतं. तिचे गुडघे तिला फार चालू देत नाहीत, आणि झेंड्यामागे धावणाऱ्या घोळक्यातून हिंडणं तिला कधीच मानवलं नाही. ती वेंगुर्ल्याची. समुद्रासमोर गेली की तिला निवांत उभं राहायचं असतं. म्हणून आम्ही आमच्यापुरतीच सहल ठरवली. एक गाडी, लागेल तिथे एक छोटी मोटरबोट, आणि स्प्लिटमध्ये जन्मलेली, तिथेच वाढलेली एक मार्गदर्शक. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, तुझ्या आईला मी काय म्हणू? मी म्हटलं, मावशी म्हण. पुढचे सगळे दिवस ती ‘मावाशी’ अशी हाक मारत राहिली, आणि आई तिला ‘बाय’ म्हणत राहिली. दोघींचं संभाषण माझ्यातून जायचं, पण पुष्कळदा माझी गरजच पडायची नाही.

स्प्लिट हे शहर एका राजवाड्याच्या पोटात जन्मलं. रोमन सम्राट डायोक्लेशन इथला, जवळच्या सालोनाच्या परिसरातला. उरलेलं आयुष्य काढण्यासाठी त्याने समुद्रकाठी हा वाडा बांधून घेतला आणि इ. स. ३०५ मध्ये आपणहून सत्ता सोडून तो इथे राहायला आला. लांबी साधारण २१५ मीटर, रुंदी साधारण १८० मीटर. अर्धा महाल आणि अर्धी छावणी. पुन्हा गादीवर या म्हणून त्याला गळ घालणारे आले, तेव्हा मी इथे लावलेले कोबी तुम्ही एकदा बघा, असं तो म्हणाला, अशी कथा आहे. सातव्या शतकात अवार आणि स्लाव्ह टोळ्यांनी सालोना उद्ध्वस्त केलं. जीव वाचवून आलेली माणसं या ओसाड वाड्यात शिरली आणि तिथेच राहिली. दालनांमध्ये भिंती घातल्या गेल्या, कमानी चिणून खिडक्या झाल्या, पहारेकऱ्यांच्या वाटांवर स्वयंपाकघरं आली. सम्राटाची समाधी कॅथेड्रल झाली, आणि ते अर्पण केलं गेलं संत दोम्नियुसला. म्हणजे ज्या बिशपचा याच सम्राटाच्या कारकिर्दीत, ३०४ मध्ये, शिरच्छेद झाला, त्याला. सम्राटाची शवपेटी कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही. बिशपची वेदी मात्र जागेवर आहे.

हे सगळं मी पुस्तकांत वाचलेलं होतं. आमच्या मार्गदर्शकाने मात्र आम्हाला आधी एका दाराशी नेलं. पेरिस्टाइल नावाच्या खांबांच्या चौकातून आत वळलं की एक बोळ लागतो. त्या बोळात तिच्या आजीचं घर. आता तिथे दुसरं कोणी राहतं, पण दाराशेजारची भिंत तिने आम्हाला हात लावून दाखवली. खाली मोठाले रोमन चिरे, एकमेकांना इतके घट्ट भिडलेले की नखही जाऊ नये. त्याच्यावर मध्ययुगातल्या लहान, ओबडधोबड दगडांची रांग. त्याच्यावर विटा, त्याच्यावर सिमेंटचा गिलावा, आणि गिलाव्यात ठोकलेला लोखंडी आकडा. त्या आकड्यापासून समोरच्या घरापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी गेलेली. ‘‘आजी याच आकड्याला पाळणाही बांधायची,’’ ती म्हणाली. आईने त्या आकड्याला हात लावला. इजिप्तहून आणलेला, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स तिथून पन्नास पावलांवर होता. तो आईने नंतर पाहिला आणि मान डोलावली. तिला पटली ती आकड्याची भिंत.

मलाही तीच पटली. १७५७ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडम नावाचा स्कॉटिश वास्तुविशारद इथे आला, काही आठवडे राहून त्याने या वाड्याची मापं घेतली, आणि १७६४ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. त्या रेखाचित्रांचा इंग्लंडमधल्या घरबांधणीवर मोठा परिणाम झाला. त्याच्या चित्रांत वाडा नेटका, पूर्ण, सम्राटाच्या वेळचा आहे. मला मात्र वाड्याचं आजचं रूप जास्त थोर वाटतं. तळघरांचंच पाहा. वर राहणारे लोक शतकानुशतकं जमिनीला भोकं पाडून केरकचरा, सांडपाणी खाली सोडत राहिले आणि तळघरं काठोकाठ भरून गेली. गेल्या शतकात ती उपसली, तेव्हा त्यांच्या भिंती जशाच्या तशा निघाल्या. वरचे महाल केव्हाच नाहीसे झाले होते, पण प्रत्येक दालनाखाली त्याच आकाराचं तळघर असल्यामुळे वरचा सगळा नकाशा कळला. वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांच्या कचऱ्याने सम्राटाचं घर सांभाळून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीने ब्राच बेटावर गेलो. वाड्याचा बराचसा दगड ब्राचच्या खाणींतला. बेटाच्या उत्तरेला पुचिश्चा नावाचं गाव आहे. खाडीच्या टोकाशी पांढऱ्या घरांचा पुंजका, घरांच्या छपरांवरही दगडाच्याच लाद्या. तिथे १९०९ पासून पाथरवटांची शाळा आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली इथे दगड घडवायला शिकतात, आणि रोमन काळापासून चालत आलेल्या हातोडी-छिन्नीनेच सुरुवात करतात.

त्या कार्यशाळेत मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. उंच खिडक्यांमधून प्रकाश येत होता आणि त्यात दगडाची पूड तरंगत होती. एक मुलगी एका चिऱ्यावर काम करत होती. केस रुमालात बांधलेले, भुवयांवर पांढरी धूळ. तिच्या हातात दातेरी पात्याची हातोडी होती. ती फार जोर लावत नव्हती. मनगट सैल, घाव हलका, एका लयीत. प्रत्येक घावाबरोबर दगडावर बारीक समांतर रेघा उमटत. एक ओळ संपली की ती फुंकर मारायची, तळहात फिरवायची, डोळे मिटून. उंचवटा डोळ्यांना दिसण्याआधी तळव्याला कळतो, असं तिच्या शिक्षकांनी आम्हाला सांगितलं. मग ती गुण्या लावायची, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. एवढ्या वेळात चिऱ्याचा वीतभर भाग झाला होता. त्या वीतभर जागेवर उन्हाची तिरीप आली, तेव्हा रेघा उठून दिसल्या, आणि मला एकदम स्प्लिटच्या त्या दाराशेजारच्या रोमन चिऱ्यांवरच्या रेघा आठवल्या. त्याच जातीच्या, तेवढ्याच बारीक. सतराशे वर्षांचं अंतर त्या दोन दगडांमध्ये आहे, आणि कोणत्याही दिवशी ही मुलगी तो जुना चिरा काढून तिथे आपला बसवू शकते. या किनाऱ्याचं रहस्य मला त्या कार्यशाळेत समजलं. इथली शहरं दगडाच्या टणकपणावर टिकलेली नाहीत. दगड फुटतो, झिजतो, भूकंपात कोसळतो, तोफांनी उडतो. प्रत्येक पिढीत तो परत घडवून जागेवर ठेवणारं कोणीतरी निघालं, म्हणून ही शहरं आहेत.

ह्वार बेटावर सगळे जातात ते ह्वार गावासाठी. तिथला चौक मोठा देखणा आहे, आणि जहाजांच्या जुन्या गोदामाच्या माडीवर १६१२ मध्ये सुरू झालेलं नाट्यगृहही आहे. त्याची कीर्ती अशी की तिथे उमराव आणि सामान्य माणसं दोघंही नाटक बघायला येत, आणि युरोपात त्या काळी ही गोष्ट दुर्मीळ होती. पण आमचा मुक्काम बेटाच्या दुसऱ्या बाजूला, स्तारी ग्रादला होता, आणि त्याबद्दल मी त्या मार्गदर्शक मुलीची कायमची ऋणी आहे.

इ. स. पूर्व ३८४ मध्ये एजियन समुद्रातल्या पारोस बेटावरून ग्रीक लोक इथे आले आणि त्यांनी वसाहत केली. गावाच्या पूर्वेला एक सपाट, सुपीक मैदान आहे. त्यांनी ते मोजलं आणि सारख्या आकाराच्या पट्ट्यांत वाटलं. प्रत्येक पट्टा साधारण १८० मीटर रुंद आणि ९०० मीटर लांब. पट्ट्यांमध्ये वाटा सोडल्या, कडेला दगडी बांध घातले. ती वाटणी अजून आहे. चोवीस शतकं होऊन गेली. ग्रीक गेले, रोमन आले, व्हेनिसचं राज्य आलं आणि गेलं. आणि त्याच रेषांच्या आत अजून द्राक्षं आणि ऑलिव्हच पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोने हे मैदान जागतिक वारशात घेतलं. तिथे तिकीट नाही, फाटक नाही. एक शेतकरी ट्रॅक्टर बाजूला लावून वेलींना औषध मारत होता, एवढंच.

आई गाडीतून उतरली आणि बांधाशी जाऊन उभी राहिली. कमरेइतकी उंच भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. नुसता दगडावर दगड. मोठ्या दगडांमधल्या फटींत लहान कपच्या ठोकून बसवलेल्या. तिने एक कपची हलवून पाहिली. ती हलली नाही.

‘‘ह्यो तर आमचो गडगो!’’ ती म्हणाली.

कोकणात कोणालाही गडगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या आजोळी जांभ्या चिऱ्याचे गडगे होते, परड्याभोवती, कलमांच्या बागेभोवती. गडगा घालणारा माणूस दगड हातात घेऊन दोनदा फिरवतो आणि कुठली बाजू कुठे बसेल ते ठरवतो. एकदा हातात घेतलेला दगड खाली टाकायचा नाही, कुठे तरी त्याची जागा असतेच, असं आजोबा म्हणायचे. मी हे मार्गदर्शकाला सांगितलं, तर ती थबकली. तिचे वडील ह्वारचे, आणि ते दगडाविषयी अगदी हेच म्हणतात. २०१८ मध्ये युनेस्कोने क्रोएशियासह आठ देशांच्या नावे बिनचुन्याच्या भिंती रचण्याची ही कला मानवजातीच्या वारशात नोंदवली. आई आणि ती मुलगी त्या बांधाच्या दोन बाजूंना उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना काहीतरी समजावत होत्या: पाया किती रुंद, वर किती निमुळता, पाणी जायला फट कुठे ठेवायची. मी मध्ये पडले नाही.

शेतात मधूनमधून दगडाच्या गोल झोपड्या आहेत. त्यांना त्रिम म्हणतात. छपरही दगडाचंच, एकेक थर आत सरकवत वर मिटवलेलं. पावसात, उन्हात शेतकरी आत बसतात. आम्हीही बसलो. आत गारवा होता, आणि बाहेर सिकाडा किड्यांचा कल्लोळ.

स्तारी ग्राद गावात पेतार हेक्तोरोविच या कवीचं घर आहे, त्व्हर्दाल्य नावाचं. सोळाव्या शतकातला हा उमराव. तुर्कांचे हल्ले होत, तेव्हा गावाला आसरा मिळावा म्हणून त्याने घराला तटबंदी केली. आत एक मोठं खाऱ्या पाण्याचं तळं, त्यात अजूनही मासे फिरतात. कबुतरांसाठी मनोरा, आणि गरीब व वाटसरूंसाठी वेगळी जागा. १५६८ मध्ये त्याचं एक दीर्घकाव्य व्हेनिसला छापलं गेलं. दोन कोळ्यांबरोबर तीन दिवस मासेमारीला गेल्याची ती हकीकत आहे. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी, की त्याने त्या कोळ्यांची नावं लिहून ठेवली, पास्कोये देबेल्या आणि निकोला झेत, आणि त्यांनी गायलेली गाणी चालीसह टिपून घेतली. त्या काळात एका उमरावाने आपल्या नावाड्यांना इतक्या आदराने कागदावर आणावं! राजांची नावं सगळीकडे कोरलेली असतात. वल्हं मारणाऱ्या माणसाचं नाव साडेचारशे वर्षांनी मला वाचायला मिळालं, ते या एका माणसामुळे. तळ्याकाठच्या कमानीत बसून मी ती दोन नावं आईला वाचून दाखवली.

कोर्चुलाला पोहोचलो तेव्हा वारा सुटला होता. हे गाव वरून पाहिलं तर माशाच्या सांगाड्यासारखं दिसतं: मध्ये कणा म्हणावा असा रस्ता आणि दोन्ही बाजूंना गल्ल्यांचे काटे. पण पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत आणि पूर्वेकडच्या किंचित वळलेल्या. उन्हाळ्यात पश्चिमेकडून मायेस्त्राल नावाचा सुखाचा वारा येतो, तो सरळ घराघरांत शिरावा. हिवाळ्यात ईशान्येकडून डोंगर उतरून बुरा येतो, हाडं गोठवणारा, आणि त्याला वळणावर अडवावं. आम्ही पश्चिमेच्या गल्लीत पायरीवर बसलो. वारा खरोखरच थेट अंगावर आला. मग उठून पूर्वेच्या गल्लीत गेलो, तिथे हवा स्तब्ध. ज्यांनी शतकांपूर्वी हे आखलं त्यांना वाऱ्याची जात माहीत होती. आज मुंबईच्या उपनगरांत इमारती उठताना हा विचार कोणी करत नाही, याचं मला तिथे फार वाईट वाटलं.

मार्को पोलो इथे जन्मला असं कोर्चुलाचे लोक अभिमानाने सांगतात. त्याचं म्हणून एक घरही दाखवतात. व्हेनिसचा दावा अर्थातच वेगळा आहे. १२९८ मध्ये याच बेटाजवळ जिनोआ आणि व्हेनिस यांच्या आरमारांची मोठी लढाई झाली, व्हेनिस हरलं, आणि त्यातच मार्को कैद झाला असं सांगतात. जिनोआच्या तुरुंगात त्याने रुस्तिकेल्लो नावाच्या सोबत्याला आपला प्रवास सांगितला, त्याचं पुस्तक झालं. त्या पुस्तकात ठाण्याचं राज्य आहे. तिथलं चामडं, कापूस, धूप, आणि किनाऱ्यावरचे चाचे. मी राहते ठाण्यात. त्या घराच्या अरुंद मनोऱ्याच्या जिन्यात उभी असताना, सातशे वर्षांपूर्वी जिनोआच्या तुरुंगात कोणाच्या तरी तोंडी माझ्या गावाचं नाव होतं, या विचाराने अंगावर काटा आला.

तिथून पेल्येशात्स या लांबोळक्या द्वीपकल्पावर. स्तोनला जाण्याआधी मार्गदर्शकाने गाडी मुद्दाम नव्या पुलाकडे वळवली. डाल्मेशियाचा किनारा मध्येच तुटतो. तिथे बोस्नियाची सुमारे वीस किलोमीटरची पट्टी समुद्राला टेकते. १६९९ मध्ये दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाला व्हेनिसचा शेजार इतका नकोसा होता की त्यांनी मधली जमीन तुर्कांना देऊन टाकली. त्या सौद्यामुळे पूल होईपर्यंत तीस-एक वर्षं दुब्रोव्हनिकच्या लोकांना आपल्याच देशात जायला दोनदा सीमा ओलांडावी लागे. जुलै २०२२ मध्ये ही पट्टी टाळून जाणारा हा पूल सुरू झाला. ‘‘आईला दवाखान्यात नेताना पासपोर्ट शोधावा लागायचा नाही आता,’’ असं आमच्या मार्गदर्शकाची दुब्रोव्हनिकची मैत्रीण त्या दिवशी रडत रडत फोनवर म्हणाली होती.

स्तोन हे छोटं गाव. दुब्रोव्हनिकने १३३३ मध्ये हे द्वीपकल्प मिळवलं आणि डोंगरावरून चढत-उतरत तट बांधला. आजही त्याची लांबी साडेपाच किलोमीटर आहे. एवढा मोठा तट कशासाठी, तर मिठासाठी. मिठागरातून प्रजासत्ताकाच्या तिजोरीत मोठा वाटा येई. मिठागर अजून चालू आहे. समुद्राचं पाणी वाफ्यावाफ्यांतून सरकत दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरतं. त्या शेवटच्या वाफ्यांना संतांची नावं आहेत. एकाला मात्र ‘मुंडो’ म्हणतात, म्हणजे जग. आईने काठावर वाकून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि समाधानाने मान हलवली. १९९६ च्या भूकंपात या गावाची बरीच पडझड झाली होती. काही भिंतींच्या चिऱ्यांवर अजून आकडे दिसतात: पुन्हा उभारताना कुठला दगड कुठला, ते कळावं म्हणून घातलेले.

जवळच माली स्तोनच्या खाडीत कालवं होतात. कालवं म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला, पण ती लिंबू पिळून कच्ची खायची हे कळल्यावर तिने हात मागे घेतला. खानावळीच्या मालकिणीने तिच्यासाठी ती तव्यावर कांदा-लसणात परतून आणली. त्या बाईंनी आपलं काम बाजूला ठेवून हे केलं, हे आई अजून सगळ्यांना सांगते.

दुब्रोव्हनिकमध्ये आम्ही तिथला परवाना असलेला स्थानिक मार्गदर्शक घेतला. आम्हाला भेटले ते सत्तरीतले, निवृत्त शिक्षक, जन्मापासून तटाच्या आत राहणारे. आमची मार्गदर्शक मुलगी त्यांच्या मागे विद्यार्थिनीसारखी चालू लागली.

या शहराबद्दल मला आधीपासून आदर होता, आणि तो त्याच्या सौंदर्याहून त्याच्या कायद्यांसाठी जास्त. चारशेहून अधिक वर्षं हे एक लहानसं व्यापारी प्रजासत्ताक होतं, रागुसा या नावाने ओळखलेलं. त्याचा प्रमुख, रेक्टर, एकाच महिन्यासाठी निवडला जाई, आणि तेवढा काळ त्याने कामाशिवाय वाड्याबाहेर पडायचं नाही. सभागृहाच्या दारावर कोरलेलं आहे, की खाजगी गोष्टी विसरा आणि लोकांचं काम बघा. १३७७ मध्ये इथे कायदा झाला, की साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर बाहेरच्या बेटावर किंवा त्साव्तात गावात राहायचं, मगच शहरात पाऊल ठेवायचं. विलगीकरणाचा हा जगातला अगदी सुरुवातीचा कायदा. १३१७ पासून फ्रान्सिस्कन मठात औषधालय आहे. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. १४३२ मध्ये टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी आश्रम निघाला. हे कायदे करणारी माणसं व्यापारी होती, हिशेब जाणणारी, तरी त्यांनी हे केलं.

६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात बहुतेक शहर पडलं, हजारो माणसं गेली, रेक्टरही गेला. आज स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकसारखी घरं दिसतात, ती त्यानंतर एका नियमाने बांधलेली. तळमजल्यावर दुकान, आणि दुकानाचं दार गुडघ्यासारखं वाकलेलं: अर्ध्या भागातून आत जायचं, अर्ध्या भागातल्या दगडी कट्ट्यावरून माल द्यायचा. एका कट्ट्याचा काठ हातांनी घासून खोलगट झाला होता. शिक्षक म्हणाले, लहानपणी ते तिथे टाचा उंचावून उभे राहत, साखर घ्यायला.

मग त्यांनी आम्हाला तटावर नेलं. लांबी १,९४० मीटर. आईला सगळा झेपणारा नव्हता, म्हणून एका बुरुजापर्यंत, तेही थांबत थांबत. खाली सगळी छपरं. काही कौलं फिकट, डागाळलेली, मातकट. बाकी बहुतेक ठळक नारिंगी. ‘‘फिकट आहेत ती जुनी,’’ ते म्हणाले. १९९१ च्या युद्धात, ऑक्टोबरात, शहराला वेढा पडला. पाणी नव्हतं, वीज नव्हती. ६ डिसेंबरला दिवसभर तोफगोळे पडत होते. वेढ्याच्या सबंध काळात जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ६८ टक्के इमारतींना मार बसला. ६ डिसेंबरच्या दिवशी ते शेजाऱ्यांबरोबर एका तळघरात होते.

आईने विचारलं, ‘‘मुलं होती का सोबत?’’

मी भाषांतर केलं. ते काही वेळ गप्प राहिले. दोन होती, म्हणाले. धाकट्याला आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून ते त्याच्या कानात पाढे म्हणत होते, सबंध दिवस. दुसऱ्या दिवशी बाहेर आले तर रस्ता कौलांच्या तुकड्यांनी भरलेला. लोकांनी तुकडे वेचायला सुरुवात केली, आणि जी धड होती ती बाजूला रचून ठेवली. आज दिसणाऱ्या फिकट कौलांपैकी कितीतरी कोणाच्या तरी हातांनी वेचून परत चढवलेली आहेत. स्पोंझा महालातल्या एका खोलीत वेढ्यात मारल्या गेलेल्यांची छायाचित्रं आहेत. त्यांतल्या कित्येकांना त्यांनी शिकवलं होतं.

तटाखालच्या गल्ल्यांमधून परतताना त्यांनी एकेक दार दाखवलं. इथे लोहार होता, इथे शिवणकाम करणाऱ्या बहिणी. आता बहुतेक दारांना आकडे दाबायची कुलपं आहेत आणि आत पाहुणे उतरतात. युद्धाआधी तटाच्या आत हजारो लोक राहत होते, आता फार थोडे उरले आहेत. भाडं परवडत नाही, भाजीचं दुकान जवळ राहिलेलं नाही. मीही पाहुणीच, आणि हे ऐकताना मला ते लागलं. बाँबने न झालेलं काम गर्दीने होऊ नये. दारात बादली घेऊन पायरी धुणारी बाई गेली की शहराचा दगड किती दिवस दगड म्हणून उभा राहील? मोठ्या जहाजांतून दोन तासांसाठी उतरणाऱ्या लोंढ्याऐवजी थोडी माणसं, जास्त दिवस, सावकाश यावीत; तिथल्या लोकांच्या हाताला काम आणि घराला भाडेकरूऐवजी घरचे मिळावेत, असं मला मनापासून वाटतं.

शहराचा रक्षक संत ब्लेझ. तिथले लोक त्याला व्लाहो म्हणतात. त्याची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जुनी मूर्ती आहे, आणि तिच्या हातावर आहे सबंध शहर: भूकंपाआधीचं, तटासह, मनोऱ्यांसह. पडलेली घरं पूर्वी कशी होती ते या मूर्तीवरून कळतं. ३ फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो. शिक्षकांनी मग आम्हालाच विचारलं, ‘‘तुम्ही भारतातल्या ना? आमच्या संताचं एक चर्च तुमच्याकडेही आहे.’’ जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला, साव ब्राश. सोळाव्या शतकात मसाल्यांसाठी आलेल्या रागुसाच्या व्यापाऱ्यांची तिथे वस्ती होती, आणि ते चर्च त्यांच्याशी जोडलेलं आहे, असं क्रोएशियातले अभ्यासक मानतात. आई खुर्चीतून सावरून बसली. वेंगुर्ल्याहून गवंडाळी काही लांब नाही.

विमानतळाकडे जाताना आई त्या मुलीला सगळं व्यवस्थित समजावत होती. तिने दिवाळीनंतर यावं. तेव्हा पाऊस गेलेला असतो, उकाडा नसतो, आणि पावसाळ्यात ढासळलेले गडगे लोक परत घालायला घेतात. आधी वेंगुर्ल्याला उतरायचं, मग गवंडाळीला जायचं. कालवं शिजवूनच मिळतील. वडिलांनाही आण, आई म्हणाली, त्यांना दगड कळतो. मुलीने एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि विचारलं, मावाशी, वडिलांनी एखादा दगड रचलेला चालेल ना तिथे? आईने मला भाषांतर करू दिलं नाही. ‘‘चलात, चलात,’’ म्हणाली, ‘‘मागच्या दाराकडची धा हात भिंत तशीच पडली हा.’’